मार्लाची जागा

प्रिय आई,

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? नसेल, तर तोवर गावच्या बँडचे झेंडे शिवायला बसू नकोस. इतर आयांनाही सुई धरता येते.

टेक्सासात मी बरी आहे, जेवते वेळेवर. शनिवारी आमच्या शाळेच्या बँडची स्पर्धा झाली. आदल्या दिवशी बँडमास्तर पील म्हणाले, "ती जाडी मार्ला झेंडे फिरवणाऱ्या मुलींच्या रांगेत नको. ट्यूबाचे मोठाले कर्णे वाजवणाऱ्यांच्या मागं लपव."

"परीक्षक उंचावर बसतात, सर. तिथून सगळं दिसतं."

"मग काढूनच टाक की! कवायत बसवायला ठेवलंय तुला, वकिली करायला नाही."

मी नाही म्हटलं. त्यांनीच तिला काढलं आणि बाकीच्या मुलींना सरकून जागा भरायला सांगितलं. मैदानावर एकही मुलगी सरकली नाही. मार्लाची मोकळी जागा रांगेबरोबर वळत, फिरत शेवटपर्यंत गेली.

परीक्षकांनी त्या मोकळ्या जागेबद्दल गुण कापले. सरांनी पालकांना सांगितलं, रांगांची आखणी माझी चुकली. पुढच्या हंगामाला मी इथे नसेन. दुसरीकडे काम मिळेल, काळजी करू नकोस.

माझ्या आखणीतली मार्लाची तेवढी एकच जागा त्या दिवशी कुणी चुकवली नाही.

तुझीच,
जोलीन