रिकाम्या चोचीचे पक्षी

हेइमाएय, ८ जुलै २००७

प्रिय इल्लुगी,

खुशाल असशील. आम्हीही आहोत. पत्र पाहून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर तू "हो", "नाही", "बघू" यापलीकडे जात नाहीस आणि मला तर तुला ढीगभर विचारायचंय. म्हणून कागदच घेतला.

तुझ्या भावोजींची, तेइतुरची, बोट परवा आली. जाळ्यात काय निघालं असेल? बांगडा! आपल्या पाण्यात! तेइतुर बादलीभर घरी घेऊन आला. मी तळला, छान लागला. शेजारची गुद्नी कुंपणावरून म्हणाली, "अगं, ते काय खातेस? पोटात गडबड झाली म्हणजे?" मी म्हटलं, "आधी तेइतुरला खाऊ घातलाय, संध्याकाळपर्यंत वाट बघते." मग तीच दोन घेऊन गेली. हा बांगडा आला कुठून, इल्लुगी? तू त्या संशोधनाच्या बोटीवर समुद्राचा ताप मोजत फिरतोस, तुला ठाऊक असेल. दक्षिणेचं गरम पाणी इतकं वर चढलंय का?

आणि पक्ष्यांचं काय चाललंय ते मला काही केल्या कळत नाही. विमानतळाजवळच्या माळावर ते चिमुकले सुरय पक्षी आले, अंडी घातली आणि एके दिवशी सगळेच्या सगळे उठून निघून गेले. मी अंड्यांना हात लावून पाहिला, थंडगार. पण तिकडे कड्यावरचे ते थोराड सुला पक्षी बघावेत तर गुबगुबीत! उंचावरून सूर मारतात आणि भला मोठा मासा घेऊन वर येतात. म्हणजे एकाच समुद्रावर एकाच्या घरी दिवाळं आणि दुसऱ्याच्या घरी मेजवानी. हे कसं? सुलाला बांगडा गिळता येतो आणि बिचाऱ्या सुरयला करंगळीएवढीच मासोळी लागते, एवढंच कारण आहे की अजून काही?

आता खरी गोष्ट. मंगळवारी आपल्या शिकारी मंडळाची माणसं स्वार्तेय बेटाच्या कड्यावरून पफिन पक्षी मारून घेऊन आली. नेहमीप्रमाणे सोलायला मी. पहिला पक्षी घेतला, पिसं उपटली, तर पोटाला दोन्ही अंगांना आधीचीच उघडी कातडी. अंडं उबवताना पडते ना, तशी. म्हटलं, असेल एखादा चुकून आलेला. दुसराही तसाच. मग मी पिसं उपटायची सोडून नुसती पोटंच बघत सुटले. अर्ध्याहून जास्त पक्षी तसे. चोची पाहिल्या, त्यावरच्या खाचाही म्हाताऱ्या पक्ष्यांच्या. ही नेहमी जाळ्यात येणारी बिनलग्नाची पोरं नव्हती, इल्लुगी. घरी पिल्लू असलेले पक्षी होते.

ब्यार्त्मारकाका भिंतीला टेकून कॉफी पीत होते. मी विचारलं, "काका, पिल्लासाठी चोचीत मासे नेणारे धरलेत की काय यंदा?"

ते असे भडकले! "शपथेवर सांगतो, एकसुद्धा नाही! मासेवाला पक्षी समोरून गेला की जाळं खाली. चाळीस वर्षं हाच नियम पाळलाय. तुझ्या बापानंच शिकवलाय मला, विचार जा त्यांना."

"मग या पोटांचं काय?"

काकांनी वाकून पाहिलं. कॉफीचा पेला खाली ठेवला. "मासेवाले यंदा दिसलेच नाहीत गं," ते म्हणाले. "सगळेच रिकामे येत होते."

तुझ्या लक्षात आलंच असेल. रिकाम्या चोचीचा म्हणजे बिनपिल्लाचा, असं आता धरता येणार नाही, हे तू तर दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतंस.

एव्हाना तू म्हणत असशील, ताईने गुद्नीची खबर दिली, बांगड्याची दिली, एका माणसाचं नाव मात्र घेत नाही. बाबा तेव्हा दारातच उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. आत आले, एक पक्षी उचलला, अंगठ्याने त्याचं पोट चाचपलं, दुसरा उचलला. दोन्ही खाली ठेवून बाहेर गेले. जेवायलाही आले नाहीत. मला त्यांचा राग आहे तो आहेच, जत्रेच्या तंबूत चारचौघांत त्यांनी तुला "चालता हो" म्हटलं ते मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

आमचं मंडळ अजून शिकारीला जाणार आहे, जत्रा तोंडावर आलीय. जे पक्षी आता आणतील त्यांची पिल्लं बिळात उपाशी मरणार. ते थांबवायचं तर लोकांना पटेल असं काहीतरी माझ्या हातात हवं. तेव्हा कोण बरोबर होतं हे मला नकोय. एवढंच सांग, हे पक्षी जिच्यावर पिल्लं वाढवतात ती वाळूतली मासोळी गेली कुठे? आणि मला समजेल अशा भाषेत लिही.

तुझी,
रानवेगताई


हेइमाएय, २९ जुलै २००७

प्रिय इल्लुगी,

चार पानं! बोलायला कंजूस आणि लिहायला बसलास की आवरत नाहीस.

पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. "तेइतुरला ऐकायचंय" असं म्हणून. तेइतुर बिचारा घोरत होता. बाबा खिडकीशी आमच्याकडे पाठ करून बसले होते, पक्षी धरायच्या जाळ्याची लांब दांडी घासत. मासोळी हिवाळाभर वाळूत पुरून घेऊन उपाशी पडून राहते, तिथवर आले तेव्हा दांडीवरचा हात थांबला. पाणी गरम असलं की तिची साठवलेली चरबी लवकर जळते, मग वसंतात बाहेर येते ती हडकुळी, आणि तिचं खाद्य असलेले बारीक जीवही गरम पाण्यात पूर्वीसारखे लठ्ठ राहत नाहीत, हे वाचलं. बाबा वळले नाहीत, पण म्हणाले, "ते परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे वाळू तिथेच आहे," ते म्हणाले. "आणि आत काही नाही."

तुझं नाव घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना म्हणे, "त्या पत्रात सुरयबद्दल काय होतं?" मी म्हटलं, "स्वतः वाचा की, तुमचे डोळे काही गेलेले नाहीत." चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा कपाळावर होता! मी वाचून दाखवलं. सुरय फक्त पाण्याच्या वरवरचं उचलू शकतो, पफिन खोल बुडी मारतो म्हणून त्याला आशा थोडी जास्त वेळ पुरते, हे ऐकून खूप वेळ मान हलवत राहिले. त्यांना अशा गोष्टी आवडतात, इल्लुगी. तुला ही खोड कुठून लागली असं वाटतं?

गुरुवारी मंडळाची बैठक झाली. जत्रेआधी शेवटची फेरी मारायची, हा विषय. तुझं पत्र खिशात घेऊन मी गेले, पण ते बाहेर काढायची वेळच आली नाही.

ब्यार्त्मारकाका म्हणाले, "पोटं मीही पाहिलीत. पण तंबूत धुरावलेला पफिन नसला तर लोक थुंकतील आपल्यावर. काय वाढायचं, रानवेगचा बांगडा?" सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग बाबा उठले. बैठकीत ते कधी उभे राहून बोलत नाहीत, तुला माहीत आहे.

"हा नियम मी तुम्हाला शिकवला," ते म्हणाले. "मासे असतील तर आईबाप, सोडून द्या. मासे नसतील तर घ्या, त्यांच्यामागे कोणी नाही. मला माझ्या बापाने शिकवला, तो खोटा नव्हता. तेव्हा समुद्रात मासे होते. आता दिवसभर हिंडून त्यांना काही मिळत नाही आणि तरी ते घरी परततात. त्यांनाच आपण धरतो. मी पोराला यावरून हाकललं. कारण त्याचं खरं मानलं असतं, तर त्या उन्हाळ्यात मी काय काय मारलं ते मला मोजावं लागलं असतं."

 काकांनी टोपी घातली आणि ते बाबांना म्हणाले, "बरं, ओर्लिगुर. मग यंदा तंबूत बटाटे." स्वार्तेयवरची जाळी उतरवून आणायचं ठरलं. पुढच्या वर्षीही, जोवर चोचीत मासे दिसत नाहीत तोवर, कोणी जाणार नाही.

घरी येताना आम्ही चालतच आलो. मला वाटलं होतं, आता तरी म्हणतील, त्याला बोलाव. दारापर्यंत वाट पाहिली मी. म्हणाले, वारा फिरलाय. मला इतका राग आला की मी ताटंच आपटली. मग आतल्या खोलीत जाऊन थोडी रडले, ते वेगळं.

आज सकाळी मी लिहायला बसलेली पाहून जवळ आले. म्हणाले, "माझा एक प्रश्न घाल त्यात. पिल्लू टाकून गेलेला पक्षी पुढच्या वर्षी त्याच बिळाशी परत येतो का?"

इल्लुगी, येतो, हे तर आपल्या बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाबा तर साठ वर्षं ती बिळं बघत आलेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"लिही," म्हणाले. "आणि उत्तर कागदावर नको म्हणावं. कागदावरचं मला समजत नाही. त्याला समोर बसून सांगायला सांग."

इकडे येणारी बोट शुक्रवारी सकाळची आहे. मी धक्क्यावर एकटी येणार नाही.

तुझी ताई,
रानवेग