आधी उचललेला माल

आबा, तुमच्यावर मी फार वर्षं रागावलेली होते. तुम्ही हयात असताना तो राग बोलून दाखवायची माझी छाती नव्हती, आणि तुम्ही गेल्यावर कुणाला सांगायचा म्हणून तो तसाच राहिला. आता तुम्ही गेलात त्या वयाच्याही मी पुढं गेलेय. परवा नातीनं विचारलं, पणजोबा काय करायचे? मी म्हटलं, पलटणीत होते, मग शेती केली. तिचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तंबाखूच्या कंपनीचा माणूस पहिल्यांदा आपल्या सोप्यात आला त्या दिवसापासून सांगते. दुसरी मोठी लढाई चालू होती. बंद गळ्याचा कोट, हातात टोपी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं वाकून ऐकावं. सांगलीच्या वखारीतून तो थेट तुमच्याकडं आला, कारण पलटणीतून हवालदार होऊन आलेल्या माणसाचा शब्द गाव मानतं हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार. लष्कराला विड्या पुरत नाहीत, म्हणाला. आष्ट्याच्या आसपास नदीकाठच्या काळ्या रानात तंबाखू लावा. रोपं कंपनीची, पेंड कंपनीची, आणि पिकेल ते पान सगळं कंपनीचं. दुसऱ्या व्यापाऱ्याला एक पेंढीसुद्धा द्यायची नाही. माझं लग्न ठरलेलं होतं. मी आत आईजवळ भाकऱ्या थापत बसलेले. आईनं चुलीपासूनच विचारलं, "भाव कवा ठरनार?"

तुम्ही म्हणालात, "माल बघितल्यावर. वजनाच्या वक्ताला."

"मग आज काय ठरलं?"

तो माणूस नुसता हसला. मग तुम्ही, आईला कधी चढ्या आवाजात न बोललेले तुम्ही, परक्या माणसासमोर म्हणालात, "चुलीकडं बघ तू." आईनं चुलीकडं बघितलं. त्यानंतर तंबाखूबद्दल ती तुमच्याशी कितीतरी महिने बोलली नाही.

घरोघरी मग तुम्ही स्वतः गेलात. लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवला नव्हता आबा, तुमच्यावर ठेवला होता. गावालगतची शाळूची रानंसुद्धा लोकांनी त्या पिकाखाली घातली. माझं लग्न होऊन मी आटपाडीला गेले. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तर बैलगाडीतून उतरायच्या आधीच मला कसंतरी झालं. काय चुकतंय ते कळेना. पीक तर दृष्ट लागावी असं, कमरेएवढं, पानं हत्तीच्या कानांसारखी. मग ध्यानात आलं की पाखरंच नाहीत. आटपाडीकडं त्या दिवसांत शाळूच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरांवर गोफणी मारून मारून हात दुखतात, ओरडून घसा बसतो. इथं एवढी हिरवीगार रानं आणि चिमणी उतरत नव्हती. शेरडं बांधाबांधानं जायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. रान राखायची गरजच नाही, असं तुम्ही मला कौतुकानं सांगितलंत.

आईचे हात बघून मी घाबरले होते. शेंडे खुडून खुडून पानांचा चीक बोटांवर काळा कडक झालेला, राखेनं घासला तरी निघत नव्हता. तिच्या हातची भाकरी कडू लागायची. आणि भाकरी तरी कशाची, ज्वारी कंट्रोलच्या दुकानात रांग लावून आणलेली, किडकी. आपल्या घरात, नदीकाठी, मी विकतच्या ज्वारीची भाकरी पहिल्यांदा खाल्ली. माझी लेक जन्मली तेव्हा सगळ्या घरात तंबाखूचाच वास होता. बाळ शिंकायचं, आई खिडकीला ओलं लुगडं बांधायची.

चैत्र लागला. पान उन्हात वाळलं, पेंढ्या बांधल्या, गोणपाटात घट्ट भरून बोद शिवले. प्रत्येक घराच्या सोप्यात, गोठ्यात, काहींच्या तर देवघराला लागून बोदांची थप्पी. आता कंपनीची गाडी येणार होती. ती आली नाही. तंबाखूवर सरकारनं नवा कर बसवला होता, परवान्याशिवाय माल गावाबाहेर हलवायचा नाही, आणि आपल्या गावाचे परवाने कंपनीनं 'तुम्हाला कशाला हेलपाटे' म्हणून स्वतःच्याच नावानं काढलेले. जयसिंगपूरचे दोन व्यापारी एकदा येऊन गेले. पान हातात घेऊन चुरगळलं, वास घेतला, चांगलं आहे म्हणाले. गाव कंपनीचं आहे कळल्यावर पान खाली ठेवून पाणीही न पिता निघून गेले.

संध्याकाळी माणसं आपल्या सोप्यात येऊन बसायची, ते मला अजून दिसतंय. कुणी भांडत नव्हतं. विचारतसुद्धा नव्हतं. भिंतीला टेकून बसायची, आभाळाकडं बघायची, आणि दिवेलागणीला उठून जायची. रोज एकदोन माणसं जास्त. शेजारचे तात्या, तुमचे चुलतभाऊ, जाताना तेवढं म्हणायचे, "येतील की." तुम्ही म्हणायचात, "येतील." वैशाख निम्मा सरला तसे पश्चिमेला दुपारचे ढग जमायला लागले, आणि मग तात्यांनीही ते म्हणायचं सोडलं.

तुम्ही सांगलीला गेलात आणि दुसऱ्या दिवशी परत आलात. हातपाय न धुता तुम्ही सरळ आत येऊन आईसमोर बसलात. मी पलीकडं लेकीला पाजत होते. वखारीत जागा नाही, महिनाभर थांबा, असं त्या माणसानं चहा पाजून सांगितलं होतं. येताना तुम्ही मागच्या बाजूनं वखारीत डोकावलात. "निम्मी मोकळी हाय," तुम्ही आईला म्हणालात. "पावसाची वाट बघत्यात. पान सादळलं की हलकं ठरवायचं, आन मातीमोल उचलायचं. आपल्याला दुसरीकडं घालता येत न्हाई, त्यास्नी ठावं हाय."

आईनं विचारलं, "आनी काय म्हनला?"

तुम्ही मान खाली घातलीत. "माझा तेवढा उद्याच उचलतो म्हनला. पयल्या प्रतीनं. मी व्हय म्हनलो न्हाई. न्हाई बी म्हनलो न्हाई."

आई म्हणाली, "तुमचा गेला की बाकीची गप बसत्याल, पाऊस पडंपतोर." तिला ते तुमच्यापेक्षा लवकर समजलं होतं.

सकाळी खरंच गाडी आली. मोटारीचा आवाज ऐकून सगळं गाव गोळा झालं, पोरं टपावर चढली, बायका डोईवरचा पदर सावरत हसत होत्या. कितीतरी दिवसांनी गावात कुणी हसत होतं. हमाल आपल्या सोप्याकडं वळले तेव्हा तुम्ही उंबऱ्यात आडवे उभे राहिलात. पलटणीतला तो जुना आवाज काढायचा प्रयत्न केलात, पण तो निघाला नाही.

"ही गाडी माझ्या एकट्यासाठी आलीया," तुम्ही म्हणालात. "तुमच्यासाठी येनार न्हाई. पाऊस पडल्याबिगर एक बी गाडी येनार न्हाई. हिला मोकळी लावून देऊ, आन समदी मिळून सांगलीला जाऊ. वखारीच्या दारात बसू."

लोक ऐकत होते, पण त्यांची नजर गाडीवर होती. तात्या पुढं आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं होतं. "आवं हवालदार," ते म्हणाले, "एक गाडी आली म्हंजी रस्ता सुरू झाला. तुमी ही मोकळी लावली तर ती माणसं रागं भरत्याल. मग आमचं कोन बघनार?" आणि त्यांनी तुम्हाला हळूच, अगदी मायेनं, दंडाला धरून बाजूला केलं. पहिला बोद त्यांनीच उचलला. मग तरणी पोरं धावली. हमालांना हात लावावा लागला नाही. तुम्ही दोनदा काहीतरी बोललात, पण एव्हाना सोप्यात इतका गलका होता की ते मला दारातूनही ऐकू आलं नाही.

दुसरी गाडी आली नाही. पाऊस आला, झड लागली, भिंती ओलावल्या. तात्यांनी एक बोद उसवला तर आतून भपकन वाफ आली आणि पानांवर पांढरी बुरशी. मग कंपनीच्या गाड्या आल्या, एकामागून एक, आणि सगळ्या गावाचा माल कचऱ्याच्या भावानं भरून गेल्या. त्या दिवशी आपल्या सोप्यात कुणी बसायला आलं नाही. नंतरही नाही. तुम्ही काय सांगितलं होतं ते कुणाच्या लक्षात नव्हतं. हवालदाराचा माल आधी गेला आणि पहिल्या प्रतीनं गेला, एवढंच राहिलं. तात्या समोरून आले तर रस्ता बदलायचे.

त्या मालाचे पैसे आणायला तुम्ही सांगलीला गेला नाहीत. आई दोनदा म्हणाली, घरात दाणा नाही. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहिलात. मी लेकीला घेऊन आटपाडीला निघाले तेव्हा वेशीपर्यंतही आला नाहीत. पैसे सोडलेत ते सोडलेत, पण गावाला तेही सांगितलं नाहीत. मला वाटायचं, एकदा चावडीत उभं राहून ओरडावं तुम्ही, मी बोललो होतो म्हणून. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तिरडीला खांदा द्यायला माणसं जमवावी लागली, आणि माझा राग तिथं पक्का झाला. लोकांवर नाही, तुमच्यावर. ज्या माणसानं खरं सांगितलं त्यानं पुन्हा का सांगू नये?

आता वाटतं, एकदा सांगून ज्यांनी तुम्हाला मायेनं बाजूला केलं त्यांना पुन्हा काय सांगायचं, हे तुम्हाला कळत नसेल. मला तरी कुठं कळतं. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. उद्या लेक आली की तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून चुलीतच घालीन म्हणते.

पण घालायच्या आधी एक लिहायचं राहिलं. गाडी भरत होती तेव्हा मी बाळाला घेऊन दारात उभी होते. आदल्या दिवशी आत सगळं ऐकलेलं, सगळं समजलेलं. तरी मनात एकच होतं, आबा. भरा लवकर, आबांचं बोलणं पुरं व्हायच्या आत.