थर सुटला नाही

सेरंगून, सिंगापूर
५ ऑगस्ट २०१४

प्रिय सुनेत्रा,

सुटला नाही! आमचा थर सुटला नाही गं! फोनच करणार होते, पण तू "क्लासची मुलं आलीत, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस, आणि मेल तर उघडतही नाहीस. म्हणून लॅबमधून आल्या आल्या लिहायला बसले. अजून चहासुद्धा घेतलेला नाही.

वर्षभर आमचं एकच रडगाणं चालू होतं. सेम्बावांगला जहाजं दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. तिच्या पंपांचे दांडे समुद्राच्या पाण्यातल्या वाळूने झिजून जातात. त्यांच्यावर आम्ही क्रोमियम नायट्राइडचा थर चढवतो, केसाहून पातळ पण पोलादाहून कितीतरी कठीण. हवा काढून घेतलेल्या पेटीत जांभळा उजेड पेटतो आणि धातूचे अणू दांड्यावर जाऊन बसतात. काचेतून ते बघताना मला अजूनही तहानभुकेचं भान राहत नाही. पण दांडा घासायच्या यंत्रावर चढवला, की थर पापुद्र्यासारखा सुटायचा. जाड केला तर आणखी लवकर. शेवटी कंपनीने कळवलं, ही खेप फसली तर आम्ही दुसरीकडे बघतो. म्हणजे प्रकल्प बंद, आणि इथे राहून काम करायचा माझा पासही गेला.

त्यावरच्या मीटिंगमध्ये सगळे तेच ते आकडे चाळत होते, आणि मला एकदम तू आठवलीस. आपल्या एम.टेक.च्या वर्गातला तुझा तो सेमिनार! "कडक थर सलग दिला तर तो आतल्या ताणानेच तडकणार. मध्येमध्ये मऊ क्रोमियम द्या, ते ताण सोसेल," असं तू म्हणालीस आणि सर हसले, "आधी साधा थर तर नीट बसवा, बाई!" तू फळ्यापाशी उभी राहून भांडत होतीस. पुढे तुझ्या बाबांना अर्धांगवायू झाला, आणि तू सांगलीला गेलीस ती परत आलीच नाहीस.

मी आमच्या लॅबचे प्रमुख डॉ. लिम यांना तुझी कल्पना जशीच्या तशी सांगितली. ते म्हणाले, "बरं, एकदा करून बघ." आमचा टेक्निशियन हाफिज आणि मी पेटीत नायट्रोजन सोडायचो, तेव्हा कडक थर; बंद करायचो, तेव्हा मऊ. आज त्याची परीक्षा होती. जेवायची वेळ टळून गेली तरी यंत्रापासून कोणी हलेना. शेवटी दांडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चरे होते, पण थर कडेपर्यंत घट्ट! हाफिज ओरडला, "कॅन लाह! कॅन!" म्हणजे इथल्या बोलीत "जमलं रे, जमलं!" आणि कधी न हसणाऱ्या डॉ. लिमनी सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, पाजली.

मग त्यांनी विचारलं, "ही सुनेत्रा कुठे काम करते?" मी म्हटलं, सांगलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवते. ते म्हणाले, "का?" तेच आता मी तुला विचारते आहे.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. पेटंटच्या अर्जात माझ्या नावाआधी तुझं नाव जाणार आहे, त्यावर तुझी सही हवी. आणि लॅबमध्ये एक जागा आहे, तुझ्या बी.ई.वर मिळेल अशी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डॉ. लिमना तुझ्याशी स्काइपवर बोलायचंय. तुझे बाबा आता काठी घेऊन फिरतात, आणि प्रबोध बायकोला घेऊन सांगलीला राहायला आलाय. परवा फोनवर तुझा हा भाऊच मला म्हणाला, "ताईला घेऊन जा. इथे मी आहे." तू म्हणशील, मी सगळं विसरले. खोटं! गेल्या दिवाळीत मी तुमच्या घरी आले, तर करंज्या तळता तळता तू विचारलंस, "पेटीत दाब किती ठेवता गं?" विसरलेली बाई असं विचारते का? शनिवारी लॅपटॉपसमोर बस, आणि फळ्यापाशी भांडलीस तशीच भांड.

वाट बघणारी, तुझीच
निहारिका