रिळाची दुसरी बाजू

३ डिसेंबर २०२४
आलो बुवा ढाणकीत! गुरांच्या दवाखान्यात बदली झाली म्हणून बाभुळगावचे दोस्त हसले, पण मले गाव आवडलं. इंदूबाईच्या दोन खोल्या भाड्यानं भेटल्या, समोर अंगण, अंगणात बाज. ममता दिवसभर भांडे लावून राह्यली अन् मी बाजेवर चहा पिऊन राह्यलो, म्हणून बोलणे खाल्ले. इंदूबाई पासष्टीच्या. त्यायचे मालक रामराव बाहेर गेले म्हणतात, पण ताट रोज दोघांचं वाढतात.

७ डिसेंबर
माळ्यावर कॅमेरा सापडला. चावीचा, आठ एमएमचा, सिनेमा काढायचा. रामरावांनी नागपूरहून हौसेनं आणलेला. चावी भरली तं करकर चालला की! ममताले तिसरा महिना आहे. माही माय मले आठवत नाही, चालताना कशी दिसे तेही माहीत नाही. माह्या लेकराले त्याची माय पाहाले भेटली पाहिजे. मोबाईल कायले हाये मग, ममता म्हणे. म्या म्हटलं, तीन मोबाईल पाण्यात पाडले, मोबाईलचं सांगू नको.

१५ डिसेंबर
रीळ कुठंच नाही. यवतमाळच्या स्टुडिओवाल्यायनं कॅमेऱ्यासंग सेल्फी काढले, नागपूरवाल्यानं फोनच ठेवला. आर्णीचे खेमसिंग तेवढे कामाचे. स्टुडिओ बंद केला, पण औषध कालवून रीळ अजून घरी धुतात, धुतल्यावरच त्यात चित्र दिसते. त्यायनं समजावलं, हे रीळ एका बाजूनं चालवायचं, मग उलटवून दुसऱ्या बाजूनं.
घरी आलो तं इंदूबाईनं आपणहून सांगतलं, आतल्या पेटीत जपलेलं रीळ हाये. एक बाजू त्र्याऐंशीत बाईनंच काढली, रामराव बाजेवर चहा पितानाची. दुसरी कोरी. वापरा म्हणे. देवमाणूस बाई!

२२ डिसेंबर
आज सकाळी काढलं. ममता पिवळ्या साडीत बाजेवर, लाजून तोंडावर हात. दोन मिनिटात रीळ संपलं. कॅमेरा डोळ्यावरून काढला तं बाज रिकामी.
पाणी प्यायले गेली असन.

२३ डिसेंबर
माहेरी नाही. विहिरी पाहिल्या. ठाण्यात कागद दिला. चपला इथंच आहेत तिच्या.
इंदूबाईच्या घरात एक माणूस जेवून राह्यला. तिशीच्या आतला. बाई त्याले वारा घालून राह्यल्या अन् रडून राह्यल्या. आमचे हे आले, म्हणे. मी काही विचारायच्या आधी दार लावलं.
तिशीच्या आतला.

२५ डिसेंबर
जे झालं ते रिळातच असन. खेमसिंगच्या पाया पडलो, आत्ताच धुवा. त्यायनं धुतलं. खिडकीत धरलं.
माही बाजू — रिकामी बाज. शेवटपर्यंत.
जुनी बाजू. त्र्याऐंशीची. रामराव नाही.
तिथं ममता बसून आहे.

२६ डिसेंबर
इंदूबाईच्या अंगावर धावून गेलो. त्यायनं रिळाची पट्टी हिसकून उजेडात धरली. धुतलं कायले, म्हणे. तिसरं कोणी बसवून त्याच रिळावर पुन्हा काढता आलं असतं, तुही बायको आली असती. एकेचाळीस वर्षं म्या धुतलं नाही, म्हणून तं हे आले. एकदा धुतलं की पक्कं.
म्या धुतलं. पाया पडून धुवून घेतलं —

२८ डिसेंबर
खेमसिंगले फोन केला. धुतलेलं परत कच्चं होते का. नाही म्हणे. रडत होता म्हातारा.

२९
भिंग आणलं. बाजेवरून ती उठते. एक हात पोटावर. एकेका चौकटीत जवळ येते — लाजत नाही आता —
तोंड उघडते. सारखं तेच म्हणते. ओठ जुळवून पाहिले मी आरशात, शंभरदा —
धु —
धुवू —
धुवू न —