विल्बर कूट्स माझ्या जागी उभा राहतो

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४७

आज वाढदिवस. एकोणचाळीस पूर्ण. गेल्या वर्षीही एकोणचाळीसच पूर्ण झाली होती, पण तेव्हा शूटिंगच्या गडबडीत नीट लक्ष देता आलं नाही.

संकल्प : लोणी बंद. दुपारच्या जेवणाआधी मार्टिनी नाही. रोज ही वही लिहायची. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

वजन : काटा बिघडलाय.

मिसेस ओडेगार्डने केक केला. ही माझी घर सांभाळणारी, नॉर्वेची, जीभ तिथल्याच थंडीत धार लावून आणलेली. केकवर एकच मेणबत्ती होती. बाकीच्या कुठे, असं विचारलं, तर म्हणाली, साहेब, आकड्यावरून वाद नको म्हणून एकच लावली. केक खाल्ला. लोणी होतं, पण ते केकमध्ये होतं.

स्टुडिओकडून नवी पटकथा आलीय. 'जिब्राल्टरचा कप्तान'. कप्तान कोण हे नावावरूनच कळलं. लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि कप्तानाच्या सगळ्या संवादांखाली रेघा मारल्या. एकशे अठ्ठेचाळीस वाक्यं! शेवटी चुंबन. संध्याकाळपर्यंत अर्धं पाठ.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मार्टी पिंकसचा फोन. मार्टी माझा एजंट, म्हणजे माझ्या कमाईतला दहावा हिस्सा घेऊन मला वाईट बातम्या सांगणारा माणूस. पटकथा कशी वाटली, म्हणाला. मी म्हटलं, कप्तान माझ्यासाठीच लिहिलाय. तो म्हणाला, लायनेल, कप्तान नाही रे, कर्नल. पोरीचा बाप.

कर्नल! तीन प्रसंग. बाविसाव्या पानावर तापाने मरतो. मार्टी म्हणे, बघ ना, गादीवर पडून राहायचं, ना घोडा, ना तलवार, आरामच आराम. मी हसलो. तो हसला नाही.

हे सगळं त्या पोमोना गावामुळे. गेल्या महिन्यात माझा नवा चित्रपट तिथे आगाऊ न सांगता दाखवला. सगळेच स्टुडिओ असं करतात. खेळ सुटला की प्रेक्षकांच्या हातात कार्डं देतात आणि मत लिहून घेतात. एका कार्डावर होतं, हिरॉइनचे वडील तिचा मुका का घेतात? मार्टी म्हणतो, अशी अकरा कार्डं निघाली. पोमोनात लोक दिवसभर खोक्यांत संत्री भरतात. गाढवाला गुळाची चव काय!

मी स्पष्ट सांगून टाकलं, लायनेल थॉर्नबरी कोणाचा बाप होणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

स्टुडिओचं पत्र. निलंबन. नियमच आहे, भूमिका नाकारली की पगार बंद आणि घरी बसलेले दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. म्हणजे मूर्खांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जितके दिवस मला घरी बसवतील, तितके दिवस मी त्यांच्या गळ्यात जास्त! मार्टीला हे समजावलं. तो म्हणाला, या धंद्यात एकवीस वर्षं काढली, पण निलंबनाकडे असं बघणारा तूच पहिला.

आठवड्याभरात स्टुडिओचे बडे साहेब स्वतः फोन करतील. संकल्प : फोनजवळ बसून राहायचं नाही. बागेत बसायचं. त्यासाठी फोनची वायर बागेपर्यंत लांब करून घेतली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोनदा फोन. एक राँग नंबर. दुसरा दातांच्या डॉक्टरचा. बाई फार अदबीने बोलत होत्या, राँग नंबरवाल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

विल्बर कूट्स आला होता. हा माझ्या जागी उभा राहतो. म्हणजे असं की, दिव्यांची मांडणी करायला कॅमेरामन गसला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ फरशीवरच्या खडूच्या खुणेवर हिरोने उभं राहून घाम का गाळावा? म्हणून हिरोच्या उंचीचा, हिरोसारख्या केसांचा एक माणूस तिथे उभा करतात. दिवे जमले की मी येतो, "हो बाजूला" म्हणतो, तो होतो, मी अभिनय करतो. अकरा वर्षं झाली, याहून जास्त बोलायची वेळ आली नाही. नाताळात मी त्याला माझे जुने टाय देतो.

खरं तर तो माझ्यापेक्षा दीड इंच उंच आहे. विल्बरला कापता येत नाही म्हणून स्टुडिओने मला उंच टाचांचे बूट करून दिले. केस मात्र त्याचे अगदी माझ्यासारखे आहेत. फरक इतकाच की माझे रात्री पेटीत असतात.

बिचारा रडत आला होता. साहेब, तुम्ही घरी बसलात म्हणून माझंही काम बंद, घरात जुळी पोरं आहेत. मी म्हटलं, सुट्टी समज. तो म्हणाला, पोरांना तसं समजत नाही.

आणि तेवढ्यात मला एक शक्कल सुचली! मंगळवारी स्टुडिओत सहा नंबरच्या शूटिंग मंचावर कर्नलच्या मुलीच्या भूमिकेसाठी एका नव्या पोरीची कॅमेऱ्यासमोर चाचणी आहे. तिच्यासमोर कप्तान म्हणून, कॅमेऱ्याकडे पाठ करून, कोणीतरी उभं करावं लागतं. विल्बरने जायचं. माझा लष्करी कोट घालून, माझ्यासारखी मिशी रेखून. बडे साहेब पडद्यावर बघतील तर कोट माझा, ऐट माझी आणि आत कोणीच नाही! तिथल्या तिथे माझी आठवण येऊन कासावीस होतील.

बूटही देऊ केले. म्हणाला, नको साहेब, मला उंची पुरते. माणसाला बोट दिलं की असं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चार दिवस विल्बरची शिकवणी. कप्तानाची एकशे अठ्ठेचाळीस वाक्यं घोटून घेतली. दार उघडून आत कसं यायचं, डावी भुवई कधी उचलायची, पोरीकडे कसं बघायचं, सगळं. पाठमोऱ्या माणसाला भुवई कशाला, असं मिसेस ओडेगार्डने विचारलं. तिला कला समजत नाही. विल्बरने एकदा निरोपाचा प्रसंग करून दाखवला, तर एप्रनने डोळे पुसत उभी. कांदा चिरत होती, म्हणाली. त्या दिवशी जेवणात कांदा नव्हता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

विल्बर काल चाचणी देऊन आला. म्हणजे दिली त्या पोरीने, पण घोळ घातला याने. पोरगी पहिल्याच वाक्याला अडली आणि रडायला लागली. तर हा शहाणा गर्रकन वळला, तिच्या बाजूला जाऊन बसला, तिला रुमाल दिला आणि कप्तानाचे संवाद तिला हळूहळू समजावल्यासारखे म्हणत राहिला. ती सावरली आणि बोलायला लागली. कॅमेरा सगळा वेळ चालूच. गसने थांबवला नाही, गाढव.

मी फैलावर घेतलं. तुला पाठ करायला सांगितली होती, तू तोंड केलंस! माझी भुवई कुठे गेली? विल्बर म्हणाला, साहेब, ती रडत होती, भुवई राहून गेली.

रुमालही माझाच होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मार्टी सांगतो, बड्या साहेबांनी चाचणी तीनदा पाहिली. मी म्हटलं, बघ, आली ना आठवण! मार्टी म्हणाला, लायनेल, ते विल्बरला कप्तान करायचं म्हणतायत.

मी तर पोट धरून हसलो. किती जुना डाव! घासाघीस करताना भाजीवालासुद्धा म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. मला धाक दाखवायला विल्बरचं बुजगावणं पुढे केलंय. मार्टीला सांगितलं, दम धर, कप्तानाचा कोट शिवला जाईल तो माझ्याच मापाचा. तो म्हणाला, तू फोनपासून लांब बसत जा, ऊन लागतंय तुला.

सोमवार, १० मार्च

सहज स्टुडिओवरून गाडी नेली. सहज म्हणजे चार वेळा. माझी गाडी लावायच्या जागेवर, भिंतीवर माझं नाव रंगवलेलं आहे. तिथे एक रंगारी नाव खरवडत होता! जीव भांड्यात पडला. नव्याने रंगवायचं ठरलेलं दिसतंय, म्हणजे समेटाची तयारी. खाली उतरून त्याला सांगितलं, या वेळी अक्षरं जरा मोठी काढ आणि सोनेरी रंग वापर. तो म्हणाला, मिस्टर, मला फक्त खरवडायला सांगितलंय. अर्थात! हाताखालच्या लोकांना पूर्ण बेत कोण सांगतं?

शुक्रवार, १४ मार्च

विल्बर आला. हॅट हातात. बस म्हटलं तरी बसेना. त्याला बसायची सवय नाही.

खरंच दिलाय त्याला कप्तान. नावही बदललं, डेमियन लॉक्रिज. सोळा वर्षांपूर्वी मी नेब्रास्काहून आलो तेव्हा माझं नाव एल्मर स्नॉडग्रास होतं. स्टुडिओने नावांची यादी पुढे केली. त्यातलं दुसरं नाव हेच होतं. मी नाकारलेलं. माझं उष्टं नाव घालून मिरवणार आता.

म्हणाला, मिस्टर थॉर्नबरी, तुम्ही जाऊ नको म्हणालात तर नाही जाणार. अकरा वर्षं तुमच्यामुळे घर चाललं. पण सांगा एकदा.

त्याच्या गळ्यात माझा निळा टाय होता. त्याला माझ्यापेक्षा बरा दिसत होता, ते मला आवडलं नाही. मी म्हटलं, जा बाबा. दोन दिवसांत हाकलतील, मग ये परत. तो म्हणाला, येईन. रात्रीचे दोन वाजले तरी झोप नाही. कॉफी जास्त झाली असणार.

संकल्प : कॉफी बंद.

बुधवार, २ एप्रिल

मोठा निर्णय घेतला. कर्नल करायचा! माणसाने मोठं मन ठेवावं. शिवाय बाविसाव्या पानावर मरण आहे, त्याचं सोनं करीन. असा मरेन की उरलेला चित्रपट लोक कप्तानाकडे बघणारच नाहीत. दोन दिवस गादीवर मरायचा सराव केला. मिसेस ओडेगार्डने चादर बदलताना विचारलं, साहेब, डॉक्टर बोलावू की पाद्री?

मार्टीला फोन करून ही आनंदाची बातमी दिली. तो म्हणाला, लायनेल, कर्नल तीन आठवड्यांपूर्वीच दिला. कोणाला? एका म्हाताऱ्याला, म्हणे, त्याचे केस पांढरे आहेत आणि त्याचे स्वतःचे आहेत.

मी विचारलं, कर्नलचा भाऊ वगैरे नाही का पटकथेत? मार्टी म्हणाला, एक घोडा आहे.

बुधवार, ३० एप्रिल

करार नवा करायचा की नाही, हे ठरवायचा शेवटचा दिवस. स्टुडिओने नाही म्हटलं. निलंबनाचे जे दिवस शेवटी जोडले होते, तेही त्यांनी मोठ्या मनाने माफ केले. म्हणजे माझे कोणाकडे काही राहिले नाहीत आणि कोणाचे माझ्याकडे.

मुक्त झालो एकदाचा. आता दुसरे स्टुडिओ तुटून पडतील. फोनची वायर पुन्हा घरात घेतली. बागेत ऐकू येत नसावा.

मंगळवार, ६ मे

फोन नाही. म्हणून म्हटलं, आपणच जाऊन विल्बरला आशीर्वाद देऊन यावं, लोक मोठेपणा बघतील. स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरी सोळा वर्षं मला सलाम ठोकतोय. आज त्याने नाव विचारलं. सांगितलं. तो यादीवरून बोट फिरवत राहिला, वरून खाली आणि खालून वर. मग खाली मान घालून म्हणाला, माफ करा, मिस्टर थॉर्नबरी.

तेवढ्यात गस तिथून चालला होता. अरे लायनेल, म्हणाला, देवासारखा भेटलास, चल. हात धरून सहा नंबरच्या मंचावर घेऊन गेला. मला वाटलं, घेतलं बोलावून! डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. गस म्हणाला, त्या खुणेवर जरा उभा राहा. विल्बरच्या जागी उभं राहायला जो ठेवलाय, तो आलाच नाही, आणि तुझी उंची साधारण तेवढीच.

फरशीवर खडूची खूण. उभा राहिलो. दुसरं काय करणार?

तास-सव्वा तास उभा होतो. दिवे किती तापतात! कोणी सांगितलं नव्हतं. घाम टोपाखालून कानात उतरला. पुसायला हात उचलला तर गस ओरडला, हलू नकोस. कोणी माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं, चेहऱ्यावर उजेड कसा पडतो तेवढं बघत होते. विल्बर हे अकरा वर्षं करत होता. मी त्याला एकदा पाणीसुद्धा विचारलं नाही. लाज वाटली. वहीत लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

मग विल्बर आला. कप्तानाचा कोट, नवा, त्याच्या मापाचा. मला बघून जागच्या जागी थिजला. "हो बाजूला" म्हणेल म्हणून मी मन घट्ट करून उभा. तो म्हणाला, थँक्यू, मिस्टर थॉर्नबरी, आता मी उभा राहतो.

मी खुणेवरून उतरलो. खुणेवरून उतरल्यावर विल्बर कुठे जाऊन बसत असे, हे मला कधी माहीत नव्हतं. आज कळलं. कुठेच नाही. तिथे त्या माणसासाठी खुर्चीच नसते. केबलच्या वेटोळ्यांपाशी उभा राहिलो, तर विल्बर खुर्ची उचलून घेऊन आला. पाठीवर डेमियन लॉक्रिज लिहिलेली, त्याची स्वतःची. म्हणाला, बसा. पाय फार दुखतात, मला ठाऊक आहे.

बसलो.

संध्याकाळी गसने खांद्यावर थाप मारली. लायनेल, म्हणाला, तुझ्याइतका स्तब्ध माणूस मी आजवर पाहिला नाही, उद्यापासून रोज ये. सोळा वर्षांत माझ्या कामाबद्दल कॅमेरामनने काढलेला हा पहिला चांगला शब्द.

उद्या सकाळी सातला बोलावलंय. वेळेवर जायचं. जेवताना मिसेस ओडेगार्डला सांगितलं, उद्यापासून काम आहे. तिने काय काम ते विचारलं नाही, फक्त पावाला लोणी जास्त लावलं.

संकल्प : उंच टाचांचे बूट पुसून दाराशी ठेवायचे. विल्बरच्या उंचीला पुरायला हवं.