शुक्रवारची हवा

५ डिसें. ९०, बुध.
पहाटेपासून मनूची छाती घरघरतेय. सहा वर्षांची पोर, श्वास घेताना खांदे वर ओढते. घरामागच्या सायझिंगचा, सुताला खळ देणाऱ्या कारखान्याचा, बॉयलर पेटला की हेच. आमच्या तक्रारीवरून सरकारी लोक मशीनने हवा मोजून गेले, उत्तर आलं : गॅस मर्यादेत. कुणाच्या मर्यादेत?
हे म्हणाले, "तुमच्याच लॅबने पास केलेलं मशीन ना?" टोमणा नसावा. पण लागला.

७ डिसें., शुक्र.
यांनी तक्रारीत मशीनवरच शंका घेतली, म्हणून ते पुन्हा आमच्याकडे तपासणीला. चाचणी मीच केली. ठाऊक तेवढा गॅस सोडला, पंपाने तो बाटलीतल्या द्रावणात ओढला, मग रंग वाचला. जवळजवळ सगळा उतरलाय. मशीन ठणठणीत. म्हणजे मनूच नाटकं करते.

१० डिसें., सोम.
मनूला दवाखान्यात नेऊन लॅबला उशिरा. शेजारच्या जनाकाकू : "पोरीला माज्या भावाकडं वळ गावाला ने. तिथं शेतं हायेत, धूर न्हाय." शाळा? माझी ड्युटी? आणि आम्हीच का जायचं? डबा उघडला आणि रडूच आलं. काही सुचत नाही.

११ डिसें., मंगळ.
मशीन परत पाठवायचं होतं, बांधण्याआधी सहज चालू केलं. तेवढ्यात दुपारची शिफ्ट लागली, आजूबाजूच्या कारखान्यांतले लूम, यंत्रमाग, खडखडले, व्होल्टेज उतरून बल्ब पिवळा पडला. आणि बाटलीतले बुडबुडे मंदावले. पंप ओढेचना.
लगेच चाचणी घेतली. निम्माच गॅस!
आम्ही चाचण्या घेतो शुक्रवारी. लूमना सुट्टी, लाईट नीट असते म्हणून. वर्षानुवर्षं. बाहेर मोजतात ते कामाच्या दिवशी. बॉयलर धडधडतो नेमकं तेव्हाच हे मशीन अर्धा श्वास घेतं, माझ्या मनूसारखं. हिशेब मात्र पूर्ण श्वासाचा.

१३ डिसें., गुरु.
सावंत सरांना आकडे दाखवले. लॅब त्यांची. आकडे वाचून वही मिटली. "बाई, स्थिर लाईटवरच चाचणी, असा नियम आहे. उद्या शुक्रवार. पुन्हा घ्या, सही करा, नाहीतर घरी बसा." सही झाली की सोमवारी तक्रार निकालात.
म्हटलं, पोरीचा जीव जातोय हो.
"म्हणूनच सांगतो. तक्रार तुमच्या घरची. तुमचा मंगळवार कोण मानणार?"
हे खरंच आहे, त्याचाच जास्त संताप.

१४ डिसें., शुक्र.
चाचणी घेतली. उत्तम.
जेवायला घरी आले तर मनू गल्लीत लंगडी खेळतेय. धाप नाही, काही नाही. काकू म्हणाल्या, "बग, बरी झाली ना पोर."
आज खरंच सगळं ठीक आहे. हवा, मशीन, पोर. खोटं काहीच लिहायचं नाहीये मला, फक्त सही.
सर पाचपर्यंत थांबणार. सहीचा कागद पर्समध्ये आहे, मी अजून घरीच. मनूला आत बोलवत नाहीये. खेळू दे अजून थोडी. उद्या सकाळी लूम सुरू, बॉयलरही.