तिचा तांब्या परत केला

नाना,

तो तांब्या सापडला. आईच्या मागे धुळ्याचं घर रिकामं करायला मी अमेरिकेहून पंधरा दिवसांची सुट्टी काढून आले आहे. माळ्यावर तुमच्या डब्याच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी तांब्या हाती लागला. कागदाचा भुगा झाला होता, पण तांब्या लख्ख होता. म्हणजे आई तो मधून मधून काढून, चिंच लावून घासून परत ठेवत असणार. मला एका शब्दाने बोलली नाही. गळ्यापाशी त्याला पोचा आहे. तो तुमच्यामुळे पडला, थोडा माझ्यामुळेही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तो हातात घेतल्यावर माझा गाल गरम झाला.

आपल्या घरात पाण्याचा एक नियम होता. गावच्या विहिरीवर आजोबांना रहाट ओढू देत नसत. कुणी येईपर्यंत उन्हात उभं राहायचं, मग वरून ओंजळीत धार पडायची, तीही पडली तर. म्हणून तुम्ही आम्हाला बजावलं होतं, "कोनीबी पानी दिधं तं नही म्हनानं नही." आणि आपल्या दारात आलेल्याला, तो कोण आहे हे विचारायच्या आधी, पाणी द्यायचं. मी तो नियम फारच मनावर घेतला होता. नवीन वस्तीत कुणाकडे बारसं असलं की घरोघरी पाणी पिऊन माझं पोट तट्ट व्हायचं, आणि तुम्ही हसून म्हणायचात की पोरीला कुठे न्यायची सोय नाही.

तुम्ही रंगाच्या कारखान्यात होतात, शिरपूरच्या रस्त्यावर नाल्याकाठी. घाण पाण्याच्या टाकीवरचा पंप तुमच्याकडे. तुमच्या नखांवरून मी शाळेत सांगायचे, या आठवड्यात निळा निघतोय, या आठवड्यात तांबडा, आणि ऐट करायचे. घरी तुम्ही पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवणारे. तांदळाचं धुवण झाडाला, आंघोळीचं पाणी मोरीतून जास्वंदीला. आणि रविवारी दुपारी, कचेरी बंद असताना, तुम्ही एकटे कामावर जायचात. परत आलात की जेवत नव्हतात. पोट बिघडलंय, असं आई सांगायची, आणि दर रविवारी पोट कसं बिघडतं हे मला कधी सुचलं नाही.

मी दहा वर्षांची आहे. दुपार आहे, बहुतेक मे महिना, कारण मी घरी आहे. नाल्याच्या खालच्या अंगाच्या गावातली एक बाई दारात येते. आई तिला पाणी देते. ती ते पिते, मग पदराखालून स्वतःचा तांब्या काढून तुमच्यासमोर ठेवते. तिच्या विहिरीचं पाणी आहे. भिजवलेलं पीठ गुलाबी होतंय, धाकट्याच्या अंगावर फोड आलेत, असं ती सांगते. आवाज चढवत नाही. "हाई पानी पी दखा, भाऊ," एवढंच म्हणते. तुम्ही बोलत राहता. साहेबांच्या कानावर घालतो, वरून पत्र यावं लागतं, तपासणी होईल. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या बाबांच्या तसबिरीकडे तुम्ही एकदाही पाहत नाही. आणि तांब्या तसाच पडून आहे. कुणी दिलेलं पाणी आपल्या घरात असं पडून राहावं, याची मलाच लाज वाटू लागली. मला वाटलं, नाना नियम विसरले. मी पुढे झाले, तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

तुम्ही त्याआधी मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. ती एकच थप्पड. तांब्या उंबऱ्यावर आपटला, पाणी सगळ्या घरभर झालं. बाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती तुमच्याकडे पाहत होती.

"म्हंजे तुमले समदं माहीत शे," ती म्हणाली, आणि तांब्या न घेताच उठून गेली. आईने फरशी पुसली आणि ते फडकं, जे ती फाटेस्तोवर वापरायची, बाहेर टाकून दिलं. मला चुळा भरायला लावल्या. तुम्ही संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून होतात. मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकलं, आणि ते काय हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

आता मी तिकडे काय करते ते ऐका. पाण्याचे नमुने घेते, अहवाल लिहिते. हसू नका. कारखानेच आमच्या कंपनीला काम देतात. तिकडे प्रत्येक घरापुढे कचऱ्याच्या तीन पेट्या असतात, कागद वेगळा, काच वेगळी, आणि एकेका माणसाला तीन तीन खोल्या गरम लागतात. निवडणूक आली की अंगणात पाट्या रोवतात, कोण कुणाचा ते रस्त्यावरून कळतं. शेजाऱ्याशी बोलायचं की नाही तेही पाटी पाहून ठरतं. तुम्ही मतदानाला इस्त्रीचा सदरा घालून रांगेत पहिले उभे राहायचात आणि शाईचं बोट मला दाखवायचात. तिकडची नागरिक झाल्यावर मीही इस्त्रीचे कपडे घालून गेले. शाई नसते तिथे, मत दिल्याची कागदी चिकटी छातीवर लावायला देतात. मी ती आठवडाभर जपली. मग सरकार बदललं आणि पाण्याचे नियम सैल झाले. जे पाणी काल वाईट होतं, तेच आज चांगलं ठरलं. पाण्यात काहीही बदललं नव्हतं, नाना, फक्त कागदावरचा आकडा.

मागच्या महिन्यात एका लहान गावात सभा होती. कारखान्याला वाढीव परवाना हवा होता आणि अहवाल माझा होता. रस्त्यापलीकडच्या विहिरी त्यातून वगळायच्या असं वरून सांगण्यात आलं होतं, नव्या नियमात ते बसतही होतं. एक बाई उठली. गावात शिरताना तिचं घर मी पाहिलं होतं, अंगणात त्याच सरकारच्या पक्षाची भलीमोठी पाटी. तिने लोणच्याची काचेची बरणी माझ्यासमोर ठेवली. आत पाणी होतं, किंचित पिवळसर. तू पिशील का, असं तिने विचारलं, अगदी साधेपणाने. माझ्या तोंडून जे आलं ते तुमचंच होतं, फक्त इंग्रजीत. मर्यादेत आहे, तपासणी होईल. तेव्हा बरणीला मी हात लावला नाही. नंतर गाडीत माझा सहकारी म्हणाला की यांनीच मत दिलंय, आता यांनीच प्यावं, आणि मी हसले. मी, जिच्या आजोबांना विहिरीवर उन्हात उभं करत, ती हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. उतरताना पाहिलं तर बरणी माझ्या पिशवीत होती. सगळे उठल्यावर मीच ती घेतली होती.

काल मी तांब्या घेऊन त्या गावात गेले. कारखाना कधीच बंद पडलाय, पत्रे उडालेत, नाला कोरडा आहे. बाई आहे अजून. थकली आहे, पण नजर तीच. तुमचं नाव सांगितल्यावर तिने तांब्या हातात घेतला, पोच्यावरून बोट फिरवलं आणि पालथा घालून ठेवला. मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दुपारनंतर दर रविवारी संध्याकाळी तुम्ही सायकलवर नळाच्या पाण्याचे दोन कॅन लावून तिच्या दारात यायचात. कॅन उतरवायचे, रिकामे घ्यायचे आणि निघायचं. कारखाना बंद होईपर्यंत, सात-आठ वर्षं. बोलत कधी नव्हतात.

मला तिथेच तुमचा राग आला. दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह उघडून घाण पाणी नाल्यात सोडायचं आणि संध्याकाळी दोन कॅन पोचवायचे, दोन्ही त्याच हातांनी? दोन कॅनने त्या गावाचं काय होणार होतं? बाकीच्या घरांनी काय प्यायचं? तिला तुमच्याबद्दल काय वाटतं ते मी विचारलं नाही. तिने आत जाऊन मला पाणी आणलं. मी पेला हातात धरून बसले असेन, कारण ती म्हणाली, "पी बेटी, जारनं शे." आता सगळं गाव विकतचं पाणी पितं. मी पेला रिकामा केला. तहान नव्हती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण इतकं लिहूनही एक गोष्ट मी मागे ठेवली आहे. त्या अहवालावर माझी सही लागत होती. इकडे निघायच्या आदल्या दिवशी मी ती केली. विहिरी वगळून. त्या संध्याकाळी तिकडच्या घरी आले तर माझी नऊ वर्षांची मुलगी ओट्यावरच्या त्या बरणीजवळ उभी होती. यात काय आहे, म्हणून तिने विचारलं. नुसतं पाणी, मी म्हटलं. आणि बरणी उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी.